शिवेवरचं कुरण राखायचंय आणि पाण्याची टाकीही हवीय – ग्रामपंचायत अन् नगरपरिषद मिळून कसं करतात?

निंबाखाली

राम राम मंडळी. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, ही दुसरी टर्म. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावाला अगदी खेटून आमचं गाव. नाव लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं रोज एकमेकांच्या दारावरून जातात आणि मला भांडण नको, मार्ग हवाय.

शहराची शेवटची कॉलनी आणि आमचं पहिलं घर यांच्या मधोमध गावाचं कुरण आहे. सातबाऱ्यावर २ हेक्टर ४० आर, गुरचरण. खालच्या अंगाला नाला. अकरा मोठे निंब. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचे झोके याच निंबांना बांधतात. नाल्याकडून तिसऱ्या निंबाची आडवी फांदी दोरांनी घासून घासून इतकी गुळगुळीत झालीय की तिथे आता साल धरतच नाही. कानबाईची मिरवणूक नदीवर जाण्याआधी इथे थांबते, पोळ्याला बैल इथेच जमतात. दिवाळीनंतर ठेलारी मेंढ्या घेऊन येतात आणि चार-पाच रात्री वाडा बसवतात. पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं-पोरी धावतात, मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८००. त्यातली निम्मी शहरातली असतात.

नगरपरिषदेला कुरणाच्या वरच्या कोपऱ्यात टाकी बांधायची आहे, कारण आसपास तेवढी उंच जागा दुसरी नाही. त्याच टाकीतून आम्हालाही पाणी देतो म्हणतात. आमच्या गावविहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही, दरवर्षी टँकर. बाया रात्री दोनला उठून टँकरची वाट बघतात, मीही त्यात असते. त्यामुळे टाकी नको असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

अडचण अशी की नगरपरिषद म्हणते, "पूर्ण जागा आमच्याकडे वर्ग करा, बगीचा करून देतो." आणि आमच्या गावात तरुण मंडळी म्हणतात, एक इंचही द्यायची नाही. मला दोन्ही पटत नाही.

गावाच्या भीतीला कारण आहे, तेही सांगते. नऊ वर्षांपूर्वी एका पाइपलाइनसाठी ग्रामपंचायतीने ठराव दिला होता. परवा दप्तर उघडून प्रोसिडिंग बुक वाचलं. निळ्या शाईत एकच ओळ: "सदर कामी जागा देण्यास हरकत नाही." गट नंबर नाही, क्षेत्र नाही, मुदत नाही. आज त्या एका ओळीवर तारेचं कुंपण, पत्र्याचं गोदाम आणि कुलूप लावलेलं गेट उभं आहे. वीस गुंठे तरी गेले असतील.

दुसरं म्हणजे नाला. शहराच्या चार कॉलन्यांची गटारं त्यात सोडलीत. मागच्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात गावात चौदा घरांत पाणी शिरलं. नगरपरिषद म्हणाली नाला तुमच्या हद्दीत, आम्ही म्हणालो पाणी तुमच्या हद्दीतलं. आमच्या शेजारच्या जिजी, वय ऐंशीच्या वर, ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "पानी काय हद्द दखीसन येस का?"

तेव्हा विचारते: टाकीपुरती जागा देऊन बाकीचं कुरण कायम मोकळं राहील आणि नाल्याचं काम दोघं मिळून करतील, असं कागदावर कसं आणतात? ज्यांनी केलंय किंवा बघितलंय त्यांनी सांगा.

सातबारा

ताई, मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. आधी एक गोष्ट साफ करू. कुरण गावाचं आहे हे भावनेने बरोबर, पण कागदावर गुरचरण जमीन सरकारची असते. ग्रामपंचायत ती सांभाळते, मालक नसते. म्हणजे तुमची ग्रामपंचायत ती नगरपरिषदेला "वर्ग" करूच शकत नाही, आणि तुमच्या ठरावाच्या जोरावर नगरपरिषदेला ती घेताही येत नाही. निर्णय कलेक्टरांचा. ठराव म्हणजे शिफारस.

यात गावाचं संरक्षणच आहे. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ ने गायरान राखून ठेवलं जातं, आणि नंतर घातलेल्या २२अ ने ते दुसऱ्या कामाला वळवायला मनाई केली. सार्वजनिक कामासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच वाट मोकळी होते. पाण्याची टाकी त्यात बसू शकते. बगीच्यासाठी सगळी जागा नावावर करून मागणं बसवणं मला अवघड दिसतं. मोकळी जागा मोकळी ठेवायला नावावर कशाला लागते?

आता काम सांगतो. पहिलं, तलाठी आप्पांकडून चालू सातबारा आणि गाव नमुना १-ई काढा. १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तुमचं गोदाम त्यात आहे का बघा. नसेल तर लेखी अर्ज देऊन नोंद करायला लावा. दुसरं, भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज टाका, आणि तो ग्रामपंचायत अन् नगरपरिषद दोघांच्या सहीने टाका. एकाने मोजून आणलेला नकाशा दुसरा कधीच मानत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मोजणी संयुक्त असल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका असंच सांगेन. तिसरं, ठरावात गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा, कारण आणि उरलेल्या क्षेत्राचं काय हे सगळं हवं.

कॉलनीतली

सातबारा काका म्हणतात ते गायरानाचं. माझा अनुभव ले-आउटच्या ओपन स्पेसचा, पण दुखणं तेच. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा आमचा भाग ग्रामपंचायतीत होता. मंजूर नकाशावर दहा टक्के ओपन स्पेस हिरव्या रंगात होती, प्लॉट विकणाऱ्याने बोट ठेवून दाखवली होती. घर बांधलं, मुलं तिथे क्रिकेट खेळली. पुढे हद्दवाढ झाली आणि आम्ही शहरात आलो. सगळ्यांना वाटलं जागा आपोआप शहराच्या नावावर गेली असेल. गेली नव्हती. सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचंच नाव होतं. ते वारले, वारसांची नोंद झाली आणि एक दिवस मोजणीवाले घेऊन खरेदीदार दारात. आज सहा वर्षं कोर्टात आहोत. क्रिकेट खेळणारा माझा मुलगा आता नोकरीला लागला.

आमच्यावेळी फक्त एक फेरफार करायचा राहिला होता. ग्रामपंचायतीला वाटलं आता शहराचं काम, शहराला वाटलं ते आधीच झालं असेल.

धुळेकर७७

कॉलनीताईंच्या मुद्द्याला जोडून. २०१८ मध्ये धुळे महापालिकेची हद्द वाढली, वलवाडी, महिंदळे अशी लगतची गावं शहरात आली. हद्दवाढीची अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते. दप्तर, कर्मचारी, विहिरी, शाळेची जागा, सगळं दुसऱ्या संस्थेकडे जातं. ज्या गावांना पुढेमागे हद्दवाढ होणार असं दिसतंय त्यांनी आजच मोकळ्या जागांची यादी करून ग्रामसभेत वाचून घ्यावी. गट नंबरासकट. इतिवृत्तात एकदा आलं की ते दप्तराबरोबर जातं.

अभियंता_भुसावळ

ताई, टाकी किती लिटरची आहे? पाच लाख लिटर धरून सांगतो. टाकीत साडेचार मीटर उंच पाणी धरलं तर व्यास बारा मीटरच्या आसपास येतो. व्हॉल्व्ह, ऑपरेटरची खोली, क्लोरीनची खोली, गाडी वळायला जागा आणि कुंपण, सगळं मिळून १० आर पुष्कळ झाले. तेव्हा २४० आर मागणाऱ्याला विचारा की उरलेल्या २३० आरात पाणी कुठे साठवणार.

पाइपबद्दल जास्त कळकळीने सांगतो, कारण कुरण टाकीने जात नाही, पाइपाने जातं. नकाशावर टाकीपासून रस्त्यापर्यंत तिरपी रेघ मारणं सोपं आणि स्वस्त असतं. पण पाइपावर झाड लावता येत नाही. दुरुस्तीला जेसीबी जातो, त्याची चाकोरी पडते, चाकोरीवर मुरूम येतो, मुरमावर डांबर. पाच वर्षांत जागेचे दोन तुकडे आणि मधून रस्ता. पाइप कडेकडेनेच घ्यायचा, लांबी वाढली तरी. इस्टिमेट बनण्याआधी हे सांगा, वर्क ऑर्डर निघाल्यावर कोणी ऐकत नाही.

आणि नाला. जलसंपदा विभाग नदीनाल्यांच्या पूररेषा आखतो, निळी रेषा साधारण २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. तुमच्या नाल्याची आखली नसेल तर मागणी करा. पण त्याआधी एक साधा हिशेब. २ हेक्टर मोकळ्या जमिनीवर एक फूट पाणी काही तास थांबलं तर ते ६० लाख लिटर होतं. पाच लाखांच्या बारा टाक्या! कुरणाचा खालचा भाग थोडा खोलगट ठेवून वरच्या कॉलन्यांचं पावसाचं पाणी तिथे थांबवलं तर गावातली चौदा घरं वाचायला मोठी मदत होईल आणि तुमच्या विहिरीलाही पाझर लागेल. फक्त पावसाचं हं. सांडपाणी वेगळ्या पाइपाने वेगळं न्यायलाच हवं, नाहीतर कुरणाचा उकिरडा होईल. या मोकळ्या जमिनीचं शहरालाही काम आहे हे मुख्याधिकाऱ्यांना आकड्यात दाखवा.

पाटकरी

आमचं घराणं साक्री तालुक्यातलं, पांझरेवरच्या फडातलं. दोन संस्थांनी एकत्र काम कसं करायचं हे शिकायला आपल्याला फार लांब जायला नको. पांझरेवर एकाखाली एक बंधारे आहेत, शेकडो वर्षांचे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. शेतकरी आपल्या शेताला स्वतः पाणी देत नाही, पाटकरी देतो. पाणी कमी असलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा ते आधीच ठरतं, आणि प्रत्येक फडात सगळ्यांची थोडी थोडी जमीन असल्याने तोटा सगळ्यांना सारखा होतो. पाट साफ करायला घरटी माणूस जातो. माझे आजोबा सांगायचे, पाट साफ करायच्या दिवशी जो येत नसे त्याच्याशी कोणी भांडत नसे, त्याचा खाडा वहीत लिहीत आणि वर्षाअखेर वसूल करत.

ताई, यातली वही आणि पाटकरी या दोन गोष्टी उचला. जागा कोणाची यावर वीस बैठका होतील, पण निंबाला पाणी कोण घालणार, नाल्यातलं प्लॅस्टिक मे महिन्यात कोण काढणार, त्याचा पगार कोण देणार, हे कोणी लिहीत नाही. ग्रामपंचायतीला दुसऱ्या स्थानिक संस्थेबरोबर संयुक्त समिती नेमता येते, कायद्यात तशी तरतूद आहे. समितीला एक माणूस द्या आणि त्याचा पगार दोघांच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर दाखवा. ओळ नसेल तर दुसऱ्या वर्षी माणूस राहत नाही.

बारीपाड्याच्या_वाटेवर

साक्रीकडचंच आणखी एक. बारीपाड्याच्या लोकांनी चारशेहून जास्त हेक्टर जंगल राखलं. जंगल त्यांच्या मालकीचं नव्हतं, वनखात्याचं होतं. १९९० च्या दशकापासून गावाने स्वतःचे नियम केले, कुऱ्हाडबंदी, चराईवर बंधन, मोडणाऱ्याला दंड. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. नाव कोणाचं लागलंय याने फरक पडतोच, पण राखण करणारं गाव असेल तर सरकारी जमीनही टिकते.

पश्चिम_कड

मी हे वाचत होतो, बोलणार नव्हतो. आमच्या तालुक्यातही असंच गायरान आहे आणि त्याच्या कडेला माझं घर आहे. वडील सालदार होते. मालकाने खोली सोडायला सांगितली तेव्हा गावातल्याच चार लोकांनी इथे पाल टाक म्हणून सांगितलं. मी इथेच जन्मलो, इथून शाळेत गेलो. वर सगळ्यांनी निंब, झोके, मेंढ्या, पाइप, सगळं लिहिलं. निंबाखाली ताई, तुमच्या कुरणावर एकही घर नाही का? असेल तर तुमच्या पोस्टमध्ये ते का नाही?

दरवेळी मोजणी येते तेव्हा गोदामवाला वकील करतो आणि आमचे पत्रे निघतात.

निंबाखाली

आहेत. सतरा घरं आहेत, पश्चिमेच्या कडेला. मी लिहिलं नाही ही माझी चूक आहे, दादा. रोज त्यांच्यासमोरून जाते. त्यातल्या तीन घरांतल्या बाया माझ्याबरोबर टँकरच्या रांगेत असतात. लिहिताना मनात फक्त गोदाम होतं. सातबारा काका, या घरांचं काय करता येतं?

सातबारा

पश्चिम कड, तुमचं म्हणणं बरोबर आहे. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, त्याचा हवाला प्रत्येक नोटिशीत असतो. पण त्याच निकालात अपवादही आहे. सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्टा दिला असेल, किंवा जागेवर आधीपासून शाळा, दवाखाना अशी सोय असेल, तर नियमित करता येतं. पट्टा नसेल तर आपोआप हक्क मिळत नाही, खोटी आशा दाखवणार नाही. पण गोदाम आणि घर एका रांगेत बसवायची गरज नाही.

ताई, मोजणीत त्या घरांचं क्षेत्र वेगळं दाखवायला सांगा. घरकुलासाठी जागेचा प्रस्ताव वेगळा करा आणि तो टाकीच्या प्रस्तावाबरोबरच पाठवा, मागून नको. आणि टाकीतून पहिली नळजोडणी त्या सतरा घरांना मागा.

पुण्यातला_खान्देशी

वाचून खूप बरं वाटलं. आमच्या गावचं कुरण मी लहान असतानाच गेलं. आता सुट्टीत मुलांना घेऊन येतो तेव्हा दुपारी ४५ अंशांत बसायला सावली म्हणून फक्त बसस्टँड उरलाय. ताई, होऊन जाऊ द्या.

निंबाखाली

अडीच महिन्यांनी लिहितेय.

मुख्याधिकाऱ्यांशी आमच्या सरपंचांची आणि माझी तीनदा बैठक झाली. पहिली वाईट गेली, चहासुद्धा झाला नाही. दुसऱ्या बैठकीला मी अभियंता भाऊंचा साठ लाख लिटरचा हिशेब वहीच्या कागदावर लिहून नेला. त्यांच्या पाणीपुरवठा अभियंत्यांनी तो दोनदा कॅल्क्युलेटरवर करून पाहिला आणि त्यानंतर बोलणं बदललं. शहराच्या त्या चार कॉलन्यांतही पाणी तुंबतं, तक्रारी त्यांच्याकडेही आहेतच. पूर्ण जागेची मागणी त्यांनी सोडली, १० आरावर आले. पाइप उत्तरेच्या कडेने जाईल, लांबी वाढते तरी.

आमच्या ग्रामसभेत जास्त त्रास झाला. तरुण मंडळींनी नऊ वर्षांपूर्वीची ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, पुन्हा तेच ना? तेव्हा जिजी उठल्या. "जागा गावनी शे, कोना एकल्यानी नही. पन पानी बी गावले पाहिजे." मग मी नवा मसुदा वाचला, गट नंबरापासून. हात वर झाले तेव्हा सतरा घरांतल्या बाया पुढच्या रांगेत होत्या.

मोजणी परवा झाली. दोन्ही बाजूंची माणसं सकाळी सातलाच हजर. भूकरमापकाने रोव्हर लावून एक एक खूण दिली, कोतवालाने चुना टाकला. पूर्वेच्या हद्दीचा दगड कोणालाच सापडेना. जुना नकाशा बघून ते म्हणाले, इथेच असायला हवा, आणि पाय ठेवला तो निंबाच्या बुंध्याशी. खाली उकरलं तर मुळांनी दगड कवटाळलेला! अर्धा मातीत, वर जुनी फुली कोरलेली. गोदामाचं गेट त्या दगडाच्या चांगलं आत आहे हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पंचनाम्यावर सरपंच आणि नगरपरिषदेचे अभियंता, दोघांच्या सह्या आहेत. गोदामाची १-ई ला नोंद झाली.

आता दोन्हीकडे एकसारखा ठराव जाणार आहे. मसुदा खाली देते, चुका काढा:

"मौजे गावचे गुरचरण गटातील एकूण क्षेत्र २ हेक्टर ४० आर पैकी, संयुक्त मोजणी नकाशात दर्शविलेल्या ईशान्य कोपऱ्यातील अंदाजे १० आर क्षेत्र केवळ पाणीपुरवठा जलकुंभासाठी नगरपरिषदेस देण्याची शिफारस मा. जिल्हाधिकारी यांच्याकडे करण्यात येते. पश्चिमेकडील १४ आर क्षेत्रावरील १७ भूमिहीन कुटुंबांच्या घरांबाबतचा प्रस्ताव सोबत स्वतंत्रपणे सादर करावा. उर्वरित २ हेक्टर १६ आर क्षेत्र गुरचरण व मोकळी जागा म्हणून कायम राहील, त्यावर कोणतेही पक्के बांधकाम करता येणार नाही. जलवाहिनी उत्तर हद्दीलगतच टाकण्यात यावी. नाल्यात येणारे सांडपाणी नगरपरिषदेने स्वतंत्र वाहिनीने न्यावे. देखभालीसाठी संयुक्त समिती नेमावी व राखणदाराचे वेतन उभय संस्थांनी निम्मे-निम्मे, आपापल्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली द्यावे."

पाटकरी

निम्मे-निम्मे बरोबर. वेतन दरमहा कोण आधी काढणार तेही लिहा, नाहीतर दोघं एकमेकांची वाट बघत बसतील.

पश्चिम_कड

सोबत हा शब्द आहे ना, तो कोणी खोडू देऊ नका ताई.

सातबारा

मसुदा चांगला आहे. गट नंबर इथे लिहिला नाहीत ते ठीक, ठरावात हवाच. एकच शब्द काढा. "अंदाजे". मोजणी झालीय, १० आर म्हणजे १० आर.

निंबाखाली

काढला, काका. नगरपरिषदेच्या प्रतीतूनही काढायला लावला, आत्ताच फोन केला. पहिले सहा महिने वेतन ग्रामपंचायत काढेल, पुढचे सहा महिने नगरपरिषद.